शवासनाचा ताळेबंद

शवासन हे सगळ्यांत सोपं आसन, असं ते न करणारे लोक सांगतात. उताणं पडायचं, हातपाय सैल सोडायचे, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. झालं! पण ज्या गृहस्थाने सत्तर वर्षांत काहीही सैल सोडलेलं नाही, त्याला डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करा म्हणून सांगून पाहा.

आमच्या अण्णांना डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर शवासन सांगितलं. गोळीऐवजी नव्हे, गोळीबरोबर. या दोन शब्दांतला फरक आमच्या ब्यांकेतल्या कर्जदारांना विचारा. मुद्दल व्याजाऐवजी भरता आलं असतं तर काय हवं होतं!

"नुसतं पडून दाब कसा उतरेल?" अण्णांनी हरकत घेतली. डॉक्टर म्हणाले, माणूस तणावात असला की शरीर लढाईला उभं राहतं, रक्तवाहिन्या आवळतात. सैल पडून श्वास मंदावला की ती फौज माघारी फिरते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह १९६९ साली शवासनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात बऱ्याच रुग्णांचा दाब उतरला होता. मात्र उठताना कुशीवर वळून सावकाश उठायचं. उतारवयात एकदम उठलं की दाब घसरून भोवळ येते.

झालं, संध्याकाळी सहाला आमच्या दोन खोल्यांत संचारबंदी लागू झाली. कुकरची शिट्टी बंद, नातवाचे पाढे मनात. तरी कुठे भांडं वाजलंच, तर अण्णा डोळे मिटल्या मिटल्या गरजत, "शांतता राखा!" वीस मिनिटं अण्णा श्वास सोडत आणि बाकीचं घर श्वास धरून बसे.

मी पडलो बी. कॉम. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडतंच, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं. अण्णांच्या खाती शांतता जमा; मग ती नावे कुणाच्या? शोध घेता खातं निघालं आईचं. आई अडुसष्टची. रक्तदाब तिलाही, गोळ्या मिसळणाच्या डब्याशेजारी. शवासन तिलाही सांगितलेलं. "मी आडवी झाले तर दूध कोण बघेल?" असं म्हणून तिने तो विषय संपवला होता.

साधूच्या वैराग्याचं आपण कौतुक करतो; त्याला भिक्षा वाढणारीची धावपळ कुणी मोजत नाही. मग मनःशांती हा स्वार्थ म्हणायचा का? तसं नाही. अण्णांना झटका आला तर सगळ्या घराचीच पळापळ. तेव्हा शांतता अवश्य घ्यावी. फक्त ती बक्षीस नसून उचल आहे, हे ध्यानात ठेवावं. उचल म्हटली की फेड आली.

हे मी अण्णांना ब्यांकेच्या भाषेत समजावलं. तत्त्वाचा माणूस! दुसऱ्या दिवशी साडेसहाला आई सतरंजीवर आणि अण्णा दुधापाशी उभे राहिले. दूध उतू जायचं ते गेलंच. घरभर करपट वास सुटला. आम्ही सगळे आईकडे पाहू लागलो.

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाली, "जाऊ दे."

आमच्या घरात शवासन साधलं ते पहिल्यांदा तेव्हा.