माणसाला माणूस लागतो

श्रोतेहो, शरीराला अन्न लागते, तसा माणसाला माणूस लागतो. ही नुसती कीर्तनकाराची बडबड नव्हे, बरं का! अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांवर १९६५ पासून नऊ वर्षे लक्ष ठेवले. जोडीदार, आप्तमित्र, चर्चची मंडळी असा गोतावळा ज्यांना जवळजवळ नव्हताच, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण भरल्या गोतावळ्यातल्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, मद्यपान, आधीची प्रकृती हे हिशेबात धरूनही फरक उरलाच! वेदान्ती म्हणेल, पाश तोडावा. अहो, तोडावी ती आसक्ती, सोबत नव्हे. वारीत अनोळख्याच्या पाया पडणारे आपण, घरी ओसरीवरच्या एकट्या चुलत्याला औषध वेळेवर देतो, पण त्याच्या पानाशेजारी आपले पान मांडीत नाही.