शिफारशीचे प्रामाण्य

वाचून झालेली ऐतिहासिक कादंबरी दुसऱ्याच्या हाती देणे ही वरवर पाहता आवडीनिवडीची देवघेव वाटते; परंतु ज्ञान कशाने होते आणि ते खरे कधी मानावे याचा विचार करणाऱ्या भारतीय प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने ती एक साक्ष असते, आणि साक्ष म्हटली की साक्षीदाराची जबाबदारीही आलीच. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानते आणि त्याचे बळ आप्तावर, म्हणजे विषय स्वतः नीट जाणणाऱ्या व तो जसा आहे तसा सांगू इच्छिणाऱ्या माणसावर, अवलंबून ठेवते. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू केले, ही त्याची उदारता आजही दाद देण्याजोगी आहे. तेव्हा ‘ही वाचाच’ असे सांगणारा वाचक नेमकी कशाची हमी देतो, कथा धरून ठेवते याची की सारे असेच घडले याची, हा प्रश्न उभा राहतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात हा प्रश्न निव्वळ शास्त्रचर्चेचा उरत नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांत ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’ ही नावे घरचीच असतात. खाकी कव्हर घातलेली, कोपरे दुमडलेली प्रत कंपनीच्या बसमध्ये एका पाळीच्या माणसाकडून दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे जाते आणि सोबत ‘शेवट वाचवत नाही’ एवढाच अभिप्राय जातो. शिवाय कथेतील स्थळे येथे हाकेच्या अंतरावर आहेत. चाकणच्या संग्रामदुर्ग या भुईकोटात 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेला सुमारे दोन महिने झुंजवले आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्ला पडला. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूर आणि जवळचे वढू ही तर संभाजीराजांच्या मार्च 1689 मधील अखेरीची गावे. पडका तट डोळ्यांनी पाहिलेला वाचक ‘तट खरा, म्हणून त्यावर उभ्या राहून फिरंगोजीने काढलेले उद्गारही खरे’ असे नकळत ठरवतो. नैयायिकांनी अशा कारणाला सव्यभिचार म्हटले आहे, म्हणजे जे खऱ्या निष्कर्षासोबत आढळते तसेच खोट्यासोबतही आढळते असे कारण: तट तर कल्पित उद्गारांच्या पाठीशीही तसाच उभा असतो.

कादंबरीच्या सत्यतेची वाटणी करण्यासाठी न्यायापेक्षा मीमांसा हे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे दर्शन अधिक उपयोगी पडते. वेदातील विधी, म्हणजे काय करावे हे सांगणारी वाक्ये, आणि अर्थवाद, म्हणजे स्तुती, निंदा किंवा कथा सांगून त्या विधीकडे मन वळवणारी वाक्ये, असा भेद करून मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार पाडले. दुसऱ्या प्रमाणाशी उघड विरोध येतो आणि म्हणून लक्षणेने, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ सोडून गौण अर्थाने, समजून घ्यावा लागतो तो गुणवाद; अन्य प्रमाणाने आधीच ठाऊक असलेले पुन्हा सांगतो तो अनुवाद; आणि ज्याला ना आधार सापडतो ना विरोध, तो भूतार्थवाद. संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले, हे सांगताना कादंबरीकार अनुवाद करत असतो. एकट्या वीराने शेकडो कापून काढले, हा गुणवाद. तो शब्दशः घ्यायचा नसतो, हे शाळकरी मुलालाही उमगते. गफलत होते ती तिसऱ्या प्रकारात. संभाजीराजे आणि त्यांच्या पत्नी येसूबाई रात्री एकांतात काय बोलले, हे कोणत्याही कागदाने खोडलेले नाही, कारण कोणत्याही कागदाला ते ठाऊकच नाही. वेदाच्या बाबतीत मीमांसक असे वाक्य खरे धरून चालू शकत होते, कारण वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा पुरुषाने न रचलेला, मानल्यामुळे रचणाऱ्याच्या अज्ञानाचा किंवा लोभाचा दोष तेथे संभवत नव्हता. कादंबरीला कर्ता असतो. तेव्हा ‘खोडले गेले नाही’ यावरून ‘सिद्ध झाले’ असे म्हणण्याची सवलत तिला मिळत नाही, आणि तिची शिफारस करणाऱ्याला तर मुळीच नाही.

कर्त्याच्या दोषाची किंमत किती असते, हे संभाजीराजांच्याच चरित्रावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणिसाने लिहिलेल्या बखरीत त्यांचे जे काळवंडलेले चित्र आले, त्यामागे चिटणीस घराण्याचा मूळ पुरुष बाळाजी आवजी याला 1681 मध्ये मिळालेल्या देहान्त शासनाची सल असावी, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. बखरीवरून नाटककारांनी उचलले, नाटकावरून प्रेक्षकांनी, आणि प्रत्येकाने आधीच्याला आप्त मानले. साखळीत माणसे पुष्कळ, पण मुळाशी साक्षीदार एकच, आणि तोही दुखावलेला. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रे चाळून 1960 साली संभाजीचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा हे चित्र पालटू लागले, तरी सामान्य वाचकापर्यंत तो पालट पोचवला तो शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने. येथे कादंबरीने सत्याची सेवा केली, हे मोकळेपणाने मान्य करावे लागते. मात्र तिच्यावरचा विश्वासही हातोहात, एकाने दुसऱ्याला सांगूनच पसरला. मार्ग तोच, या खेपेस माल चांगला होता, एवढेच.

संतांवरील कादंबऱ्यांचे प्रामाण्य थोडे निराळे आहे. तळेगाव दाभाडे येथे राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची तुकारामांवरील ‘तुका आकाशाएवढा’ वारकऱ्याने वारकऱ्याला दिली, तर देणारा आणि घेणारा दोघेही नामस्मरण हा एकच विधी मानतात, आणि वह्या इंद्रायणीतून तरल्याची कथा त्या विधीला जोडलेला अर्थवाद म्हणून आपले काम बिनतक्रार करते. लढाईच्या कादंबरीला असा ठरलेला विधी नसतो. तो शिफारस करणारा जोडतो. ‘वाच, म्हणजे माणूस किती सोसू शकतो ते कळेल’ आणि ‘वाच, म्हणजे आपले कोण नि परके कोण ते कळेल’ या दोन वाक्यांनी एकच पुस्तक दोन भिन्न आचरणांना जुंपले जाते, आणि त्याचा दोष किंवा श्रेय लेखकाच्या पदरी टाकून मोकळे होता येत नाही.

हमी किती द्यावी याचा नमुना खुद्द चाकणने घालून दिला आहे. तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे मूळचे चाकणचे, व्यवसायाने तेली; त्यांच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाथा प्रसिद्ध केली. लेखनिकाची ग्वाही ‘हे शब्द असे होते’ एवढ्यापुरतीच असते आणि अरुंद असल्यामुळेच ती टिकते. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’ला लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना याच शिस्तीची आहे, कारण कथा सुरू होण्याआधी शिवचरित्राचे अवघड प्रश्न ती वाचकापुढे मांडून ठेवते; ती लांबलचक म्हणून ओलांडून जाणारे वाचक त्या ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक शिफारस गमावतात.

अशा सावध शिफारशीने रसभंग होतो, ही शंका रसाची मीमांसा करणाऱ्या अभिनवगुप्ताच्या आधीच्या शंकुक या रसविचारकाने अप्रत्यक्षपणे निकालात काढली आहे. नटाला राम म्हणून पाहणाऱ्याची प्रतीती खरी, खोटी, संशयाची वा सादृश्याची यांपैकी कोणतीच नसते, ती चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ म्हणण्यासारखी असते, असे त्याचे मत होते. म्हणजे वाचताना डोळ्यांत येणारे पाणी खरेखोटेपणाच्या निवाड्यावर अवलंबून नसते आणि तो निवाडा पुस्तक मिटल्यावरच सुरू होतो. म्हणून ‘येसूबाईंचे संवाद सावंतांचे आहेत, कैदेचा वृत्तान्त बेंद्र्यांत पाहा’ असे सांगून ‘छावा’ पुढच्या पाळीच्या माणसाकडे सोपवणाऱ्याने त्याच्या रात्रीच्या वाचनातले काहीही हिरावून घेतलेले नसते.