हक्काची भाकर आणि खरी साक्ष

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एक वयस्क भगिनी आमच्यासाठी थांबून राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत आहे. तेथे एका गोदामात तो कामाला होता. त्याला कामावरून काढून टाकले, बेकारी भत्त्यासाठी त्याने केलेला अर्ज नामंजूर झाला, आणि त्या निर्णयावर त्याने अपील केले. सुनावणी दहा दिवसांवर आली होती. "निकाल त्याच्या बाजूने लागावा म्हणून प्रार्थना करा," एवढे सांगायला त्या थांबल्या होत्या. पण निघता निघता त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, त्याच्याजवळ एक कागद आहे. तो पुढे आला तर केस बिघडेल म्हणतो. नाही दाखवला, तर पाप होईल का हो?"

प्रार्थना आम्ही केली. प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी आम्हाला देता आले नाही. पुढे त्या मुलाशी आमचे दोनदा फोनवर बोलणे झाले, आणि त्या निमित्ताने जो विचार करावा लागला तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रश्न एका मुलाचा असला तरी आपणा सर्वांचा आहे. आपल्या हक्काची भाकर मागण्यासाठी उभे राहताना ख्रिस्ती माणसाने स्वतःची तयारी कशी करावी?

प्रथम ही व्यवस्था काय आहे ते पाहू. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली बेकारी विम्याचा पहिला कायदा केला, आणि मोठ्या मंदीच्या त्या काळात १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने ही व्यवस्था देशभर पसरली. भत्त्याचा पैसा मुख्यतः मालकांवरील करातून येतो. नियम प्रत्येक राज्याचे निराळे असतात. काम नसल्यामुळे वा कामगाराचा दोष नसताना नोकरी गेली तर भत्ता मिळतो. गैरवर्तनाबद्दल काढले असेल, किंवा सबळ कारणाशिवाय आपण होऊन नोकरी सोडली असेल, तर सामान्यतः मिळत नाही. अर्ज नाकारला गेल्यास निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे न्याय्य सुनावणी मिळाली पाहिजे, अशी अट १९३५ च्या कायद्यातच आहे. ही सुनावणी पुष्कळदा टेलिफोनवरच होते. शपथ दिली जाते, कागद पाहिले जातात, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांस प्रश्न विचारता येतात.

आपल्या देशात सर्व कामगारांसाठी अशी व्यवस्था नाही. राज्य विमा योजनेतील कामगारांसाठी २००५ आणि २०१८ साली मर्यादित योजना आल्या, एवढेच. परंतु हक्काच्या पैशासाठी दार ठोठावत राहणे म्हणजे काय, हे आपल्या गिरणीगावांना कोणी शिकवायला नको. इंदूरची हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, आणि तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्याचा धनादेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. तोवर अनेक कामगार हे जग सोडून गेले होते, आणि तारखांना जाणाऱ्यांत त्यांच्या विधवा होत्या. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा अशा लोकांना परकी वाटत नाही.

आता पहिली शंका. हक्क मागणे हे ख्रिस्ती नम्रतेला शोभते काय? आपल्या मंडळ्यांतून असे पुष्कळ भाविक आहेत, ज्यांना अर्ज करणे म्हणजे हात पसरणे वाटते. त्यांनी गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचावा. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारी सर्वांसमक्ष उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनाचा वाटा त्यांनी मागितला. मोशेने ते गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले. परमेश्वराने त्यांना लोभी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे योग्य आहे, असा निर्वाळा दिला. पौलानेही कैसराजवळ न्याय मागितला. करिंथ येथील मंडळीला त्याने कोर्टबाजीबद्दल दटावले हे खरे, पण तो दोष भावाने भावाला अविश्वासणाऱ्यांपुढे खेचण्याचा होता. कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जाऊन "माझा अर्ज पुन्हा तपासा" म्हणणे ही निराळी गोष्ट आहे.

ह्या बेकारी भत्त्याच्या अपिलांशी विश्वासाचाही जवळचा संबंध आहे. साउथ कॅरोलिना राज्यातील अ‍ॅडेल शर्बर्ट ही कापडगिरणीत काम करणारी स्त्री. ती शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट मंडळीची सभासद झाली. १९५९ साली गिरणीने शनिवारीही काम सुरू केले. तिने नकार दिला, नोकरी गेली, आणि भत्ताही नाकारण्यात आला. ती गप्प बसली असती तर कोणाला काही कळले नसते. तिने अपील केले, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६३ साली निकाल तिच्या बाजूने लागला. १९८१ साली रणगाड्यांचे भाग बनविण्यास नकार देणाऱ्या थॉमस नावाच्या कामगाराला, आणि १९८९ साली रविवारी काम करावे लागेल म्हणून नोकरी न स्वीकारणाऱ्या फ्रेझीला त्याच न्यायालयात न्याय मिळाला. फ्रेझी तर कोणत्याही विशिष्ट पंथाचा सभासद नव्हता. आपण ख्रिस्ती आहोत एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि ते प्रामाणिक आहे हे मान्य झाले. एका गिरणी कामगार स्त्रीने मागितलेली आठवड्याची भाकर पुढे कितीतरी जणांच्या सद्सद्विवेकाचे कुंपण झाली.

दुसरी शंका. तयारी करणे म्हणजे अविश्वास नव्हे काय? सभांपुढे व अधिकाऱ्यांपुढे नेतील तेव्हा काय बोलावे याची चिंता करू नका, असे प्रभूने शिष्यांस सांगितले आहे. होय, परंतु ते चिंतेविषयी सांगितले आहे, आणि त्याच्या नावासाठी धरून नेलेल्यांना सांगितले आहे. हजेरीचे कागद नीट लावू नका असे त्यात कोठे नाही. फेलिक्सापुढे पौल बोलला तेव्हा आपण यरुशलेमेस येऊन किती दिवस झाले, कोठे होतो, काय करीत होतो, हे त्याने क्रमाने सांगितले. आरोप करणारे आशियातील यहूदी स्वतः हजर नाहीत, हेही त्याने दाखवून दिले. याला आम्ही तयारीच म्हणतो.

त्या मुलाला आम्ही तयारीच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्या साध्या होत्या. अपिलाची मुदत थोड्या दिवसांची असते. ती त्याने पाळली होती हे बरे. निकाल लागेपर्यंत दर आठवड्याचा दावा भरत राहावे, नाहीतर जिंकूनही त्या आठवड्यांचे पैसे हातचे जातात. नकाराच्या पत्रात कोणते कारण दिले आहे ते वाचावे व त्याच कारणाला उत्तर द्यावे. कागद आधी पाठवावेत, अधिकाऱ्याला आणि समोरच्या पक्षालाही. ज्याने स्वतः पाहिले तो साक्षीदार आणावा. ऐकीव गोष्टीला वजन कमी. गैरवर्तन झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी साधारणपणे मालकाची असते, आणि आपण होऊन नोकरी सोडली असेल तर सबळ कारण दाखविण्याची जबाबदारी कामगाराची. पुढची अपिले बहुतेक पहिल्या सुनावणीच्या नोंदीवरच चालतात, म्हणून जे सांगायचे ते येथेच सांगावे.

आणि तारखा लिहून काढ, असे आम्ही म्हटले. येथे गोष्ट थोडी निराळी वळली. मूल तापाने फणफणले म्हणून तो दोन दिवस कामावर गेला नव्हता. न कळवता गैरहजर राहिला, असे मालकाचे म्हणणे. "मी दोन्ही दिवशी वरिष्ठाला निरोप पाठवला होता," असे त्याने आईला, बायकोला व आम्हाला सांगितले होते. लिहिताना त्याने फोन उघडून पाहिला. पहिल्या दिवशीचा निरोप होता. दुसऱ्या दिवशीचा नव्हता. तो लबाड नव्हे. दहा वेळा सांगता सांगता ती गोष्ट त्याला स्वतःलाच खरी वाटू लागली होती. बंधुभगिनींनो, अन्याय झालेल्या माणसाची आठवण ही त्याची पहिली वकील असते, आणि ती फार लवकर त्याची बाजू घेते. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की पहिल्याने बोलणारा खरा वाटतो, जोवर दुसरा येऊन त्याची तपासणी करीत नाही. ती तपासणी आदल्या रात्री आपणच आपली करावी.

आता त्या कागदाकडे येऊ. तीन महिन्यांपूर्वी उशिरा येण्याबद्दल मिळालेली ती लेखी ताकीद होती, आणि तिच्यावर त्याची सही होती. "त्यांच्याकडे प्रत नसेल कदाचित," तो म्हणाला. "मी आपण होऊन का सांगू?"

येथे तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. खोटे बोलणे ही पहिली; तिच्याविषयी वाद नाही. न विचारलेले न सांगणे ही दुसरी. ते नेहमीच पाप असते असे आम्हाला वाटत नाही. प्रभु स्वतः पिलातापुढे पुष्कळ वेळ गप्प राहिला. आपल्याविरुद्धचा सगळा पुरावा गोळा करून देण्याचे काम कायदाही आरोपीवर टाकीत नाही. परंतु तिसरी एक गोष्ट आहे: खरीच वाक्ये अशी मांडायची की ऐकणाऱ्याच्या मनात खोटे चित्र उभे राहावे. "माझ्या कामाबद्दल कधी कोणी काही बोलले नाही" असे बोलण्याच्या ओघात सुचवून जायचे, आणि कागद खिशात ठेवायचा. त्याची कसोटी आम्ही त्याला अशी सांगितली. उद्या तो कागद अधिकाऱ्याच्या हाती पडला, तर "याने मला फसवले" असे त्याला वाटेल काय? वाटणार असेल, तर ते मौन नव्हते, ती साक्ष होती, आणि खोटी होती. सरळ विचारले तर सरळ उत्तर द्यायचे; आणि आपल्या आजवरच्या नोंदीचा दाखला आपणच देणार असू, तर ताकिदीसकट द्यायचा.

पण तितक्याच आग्रहाने आम्ही दुसरीही गोष्ट सांगितली. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण जाणतो. स्वतःविरुद्धही देऊ नये. आपल्यातील कितीतरी गरीब माणसे साहेबापुढे उभी राहिली की भीतीने, किंवा नम्रतेच्या चुकीच्या कल्पनेने, "होय साहेब, चूक माझीच" म्हणून मोकळी होतात. जी चूक केली नाही ती कबूल करणे ही नम्रता नव्हे, ते असत्य आहे. आणि त्याची किंमत घरातील मुले मोजतात. उशिरा आलो हे खरे, निरोप दुसऱ्या दिवशी राहून गेला हेही खरे. मालकाची मुद्दाम अवज्ञा केली हे खरे नाही. कायदाही हा भेद करतो. १९४१ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका टॅक्सीचालकाच्या प्रकरणात ठरविले की भत्ता नाकारण्याजोगे गैरवर्तन म्हणजे मालकाच्या हिताची जाणूनबुजून केलेली पायमल्ली. साधी चूक, अपुरे कौशल्य किंवा एखादवेळची हयगय नव्हे. भत्ता हे निर्दोष माणसाला दिलेले बक्षीस नाही. तसे असते तर तो कोणालाच मिळाला नसता.

आणि तो वरिष्ठ? त्याच्याविषयी बोलतानाही जे घडले तेवढेच बोलावे. त्याच्या मनात काय होते ते आपल्याला ठाऊक नाही. तोही कोणाचा तरी नोकर आहे.

कोणी म्हणेल, पोटाचा प्रश्न असताना इतका काटेकोरपणा कशाला? आम्ही याचे उत्तर सहज देऊ शकत नाही. ज्याच्या घरी भाडे थकले आहे त्याला सत्यावर प्रवचन देणे सोपे असते, विशेषतः ज्याचे स्वतःचे भाडे थकलेले नाही त्याला. म्हणून एवढेच म्हणतो. शर्बर्ट, थॉमस, फ्रेझी यांच्याजवळ शेवटी आपला शब्दच होता: आम्ही असे खरोखर मानतो. तो शब्द प्रामाणिक मानला गेला म्हणून त्यांना भाकर मिळाली. आपण वापरलेला प्रत्येक अर्धवट शब्द आपल्यामागून येणाऱ्या गरिबाच्या शब्दाचे मोल कमी करतो.

निकाल काय लागला? आम्हाला ठाऊक आहे, पण येथे मुद्दाम लिहीत नाही. जिंकला म्हटले तर सत्य फायद्याचे म्हणून चांगले ठरेल. हरला म्हटले तर ते महाग म्हणून वाईट ठरेल. त्याने सुनावणीत दुसऱ्या दिवशीच्या निरोपाचे खरे सांगितले, ताकिदीविषयी विचारल्यावर होय म्हटले, आणि जी चूक त्याची नव्हती ती त्याची नाही असेही स्पष्ट सांगितले. फोन खाली ठेवल्यावर त्याने प्रथम आईला फोन केला. "त्याचा आवाज त्याच्या बापासारखा आला," एवढेच त्या आम्हाला म्हणाल्या.

मंडळीसाठी दोन शब्द. असा प्रसंग आपल्यातील कोणावर आला, मग तो ग्रॅच्युइटीचा असो, पेन्शनीचा असो वा कामगार न्यायालयाचा, तर "प्रार्थना करू" म्हणून घरी जाऊ नये. त्याच्याजवळ बसावे, कागद लावावेत, तारखा लिहाव्यात, आणि जमल्यास त्या दिवशी त्याच्या मुलांकडे पाहावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नववी आज्ञा शिकविताना मुलांना हा एक प्रश्न जरूर विचारावा: खरे बोलून जर तुझ्या घरची भाकर कमी होणार असेल, तर तुझी मंडळी तुझ्यासाठी काय करील? मुले उत्तरासाठी आपल्या तोंडाकडे पाहतील. तेव्हा आपल्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असावे, असे प्रभु करो.