चिठ्ठीवर नाव कुणाचं?

“हे शफल बिघडलंय, पुन्हा त्याच गायकाचं गाणं!” लांबच्या प्रवासात गाडीतल्या कुणाच्या तरी तोंडून हे वाक्य निघतंच. शेजारी प्रोग्रामर असला तर तो म्हणतो, गायक तोच असेल, पण गाणं वेगळं आहे. बिघडलं काहीच नाही.

प्रोग्रामरच्या बाजूने बोलायचं तर आधी फासा आणि हाउजीची पिशवी यांतला फरक बघावा लागतो. फाशाला मागचं दान आठवत नाही. पिशवीतून निघालेला आकडा मात्र परत आत जात नाही. संगणक रँडम आकडे देतो ते फाशासारखे, आणि माणसाला बहुतेक वेळा हवी असते पिशवी. आलेला आकडा पुन्हा आला तर टाकून द्यायचा, हा नवशिक्याचा उपाय थोडे आकडे हवे असतील तर चालतो. पण ९० च्या ९० काढायचे तर सरासरी ४५७ वेळा हात घालावा लागतो.

यावरची नेटकी रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिली आणि १९६४ मध्ये डर्स्टनफेल्डने ती संगणकासाठी बेतली. शेवटच्या जागेवरच्या आकड्याची उरलेल्यांपैकी कुणाशीही (स्वतःशीसुद्धा) अदलाबदल करायची, हद्द एका घराने आत घ्यायची, पुन्हा तेच. ९० आकडे ८९ पावलांत पिसून होतात. इथे एक चूक फार सहज होते: दर पावलाला उरलेल्यांऐवजी पूर्ण यादीतून निवडणं. मग तीन वस्तूंसाठी वाटा होतात २७ आणि क्रम असतात ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, त्यामुळे काही क्रमांना झुकतं माप मिळतंच. पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसतं.

असं झुकतं माप माणसांच्या वाट्यालाही आलं आहे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत निघाली. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. ३६६ जन्मतारखा प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या होत्या. एकही तारीख दोनदा निघाली नाही. पण कुप्या नीट मिसळल्या नव्हत्या, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून आधी निघाल्या. आधी निघणं म्हणजे आधी बोलावणं. चिठ्ठी परत न टाकण्याची अट पाळली गेली, सारख्या संधीची मोडली.

म्हणजे प्रोग्रामरचा सारख्या संधीचा आग्रह रास्तच. तरीही गाडीतली तक्रार त्याने निकालात काढता कामा नये. दहा गाण्यांत पाच एकाच गायकाची असतील, तर चोख पिसूनही तो गायक कुठेच लागोपाठ न येण्याची शक्यता ४२ त एक. स्पॉटिफाय आधी फिशर-येट्सचीच रीत वापरत होतं. श्रोत्यांच्या अशाच तक्रारींनंतर, एका गायकाची गाणी यादीभर पसरवणारी नवी रीत त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केली. माणसाला योगायोगात उगाच आकृत्या दिसतात, असं यावर म्हटलं जातं. दिसतात हे खरं, पण इथे श्रोत्याचा कान चुकला नव्हता. त्याच्या मनातल्या चिठ्ठीवर गायकाचं नाव होतं, आणि प्रोग्रामरने न विचारताच गाण्याचं लिहिलं होतं.