पदवीचा कागद आणि जिवंत पत्र

शास्त्रपाठ : करिंथकरांस दुसरे पत्र ३:१-३

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांत आनंदाचे दिवस येतात. कोणाचा मुलगा बी.कॉम. होतो, कोणाची मुलगी नर्सिंगची परीक्षा उत्तीर्ण होते. आईबाप उपकारस्तुतीचे अर्पण आणतात, पेढे वाटले जातात. हे योग्यच आहे. पण पेढे संपतात, आणि मग पदवीचा कागद पिशवीत घालून तोच मुलगा दारोदार फिरू लागतो. प्रत्येक दारी त्याला दोन प्रश्न विचारले जातात : अनुभव किती आहे? आणि ओळख कोणाची आहे?

हा उपदेश चांदनी व नेपानगर या भागातील आपल्या तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर मागे पडल्यावर चांदनीचे लहानसे स्टेशन लागते, आणि त्याच्या पुढे नेपानगर. भारतातील वृत्तपत्राच्या कागदाची पहिली गिरणी येथेच उभी राहिली. भोवतालच्या रानातील सालई आणि बांबू यांचा लगदा करून १९५५ साली कागद निघू लागला, आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी ही गिरणी राष्ट्राला अर्पण केली. बापाच्या मागे मुलगाही गिरणीत लागेल, अशी आशा त्या काळी पुष्कळ घरांत होती. पुढे दिवस पालटले. २०१६ साली उत्पादन थांबले, आणि नवी यंत्रसामग्री बसवून २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले. परंतु बापाची जागा मुलासाठी राखलेली आहे, असे आज कोणी म्हणू शकत नाही. पदवीधर मुलाला इंदूर, पुणे, सुरत अशा शहरांची वाट धरावी लागते.

कागद करणाऱ्या गावाला कागदाची किंमत सांगावी लागत नाही, आणि त्याची मर्यादाही नाही. यंत्रातून निघालेला कागद कोरा असतो. त्यावर काय छापले जाईल यावर तो जपून ठेवायचा की वाण्याच्या पुड्यांना द्यायचा हे ठरते. पदवीचेही असेच आहे.

प्रेषित पौलापुढे हाच प्रश्न आला होता. करिंथ येथे काही उपदेशक मोठमोठी शिफारसपत्रे घेऊन आले, आणि मंडळीतील लोक विचारू लागले की पौलाचे पत्र कोठे आहे? पौल विद्येत कमी नव्हता. गमलियेलाच्या चरणांजवळ त्याचे शिक्षण झाले होते. पत्रांचाही त्याला अनुभव होता. एकदा महायाजकाची पत्रे घेऊनच तो दिमिष्काच्या वाटेला लागला होता. पत्रे अधिकृत होती, शिक्के खरे होते, आणि काम मात्र प्रभूच्या लोकांना बांधून आणण्याचे होते! कागद खरा असूनही माणूस चुकीच्या वाटेवर असू शकतो, हे पौलाइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून तो करिंथकरांना सांगतो की माझे पत्र तुम्ही आहात. ते ख्रिस्ताने लिहिले, शाईने नव्हे तर देवाच्या आत्म्याने, आणि दगडावर नव्हे तर माणसाच्या हृदयावर. ते सर्वांना वाचता येते.

तरुण मित्रांनो, यातून तीन गोष्टी शिकू या.

१. कागदाला उशीर झाला तरी पत्र लिहिले जात असते.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. त्यांचे वडील पारशी समाजातून ख्रिस्ताकडे आलेले सेवक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेत त्या अग्रभागी आल्या, पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झाल्या. त्या विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत. ती पदवी हाती पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! तोपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगाल सरकारच्या सेवेत राहून त्यांनी पडद्यात राहणाऱ्या विधवांची व पोरक्या मुलांची बाजू मांडली. पुरुष वकिलापुढे ज्यांना येता येत नव्हते अशा सुमारे सहाशे जणांना त्यांचा आधार मिळाला. त्या स्त्रियांनी कॉर्नेलियाबाईंचे प्रमाणपत्र पाहिले नसेल, पण पत्र मात्र वाचले.

तुम्हाला अजून नोकरी मिळाली नाही म्हणून तुमचे आयुष्य थांबलेले नाही. मंडळीतील लहान मुलांची शिकवणी घ्या. निवृत्तिवेतनाचे अर्ज ज्यांना भरता येत नाहीत अशा वृद्धांना मदत करा. हाताला मिळेल ते प्रामाणिक काम करा. गमलियेलाचा शिष्य पौल करिंथ शहरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी बसून राहुट्या शिवीत होता. त्याच्या विद्येला त्यामुळे कमीपणा आला नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसल्याने तुमच्या पदवीलाही येणार नाही.

२. विकत घेतलेला कागद टिकत नाही.

आपल्या मध्य प्रदेशाने याचा मोठा कटू अनुभव घेतला आहे. व्यावसायिक परीक्षा मंडळातील, म्हणजे लोक ज्याला व्यापम म्हणत त्यातील घोटाळा २०१३ साली उघडकीस आला. एकाच्या नावावर दुसरा परीक्षेला बसे आणि पैशाने जागा मिळत. २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय शिक्षणाचे सहाशेहून अधिक प्रवेश रद्द ठरवले. कित्येकांची सारी वर्षे एका निकालाने पुसली गेली. आणि ज्या गरीब, कष्टाळू मुलांच्या जागा अशा रीतीने गेल्या, त्यांची वर्षे कोण परत देणार?

हा मोह तुमच्याही दाराशी येईल. कोणी सांगेल, दोन लाख ठेवा, काम होऊन जाईल. कोणी अनुभवाचा खोटा दाखला आणून देईल. बापाला भविष्य निर्वाह निधीचे पैसे मिळालेले असतील, आईचे दागिने असतील, आणि घरचेच म्हणतील की सगळेच देतात. अशा वेळी, बेटा, घरच्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. ख्रिस्त ज्या हृदयावर लिहितो त्याच हृदयावर खोटेपणाची शाई सांडू देऊ नका. आणि आईबापहो, मुलाने नाही म्हटले तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमची पुंजीच नव्हे, तुमचे नावही राखत आहे.

३. पत्र सर्व लोक वाचतात.

शहरात तुम्ही भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहाल. तेथे तुमच्या घरच्यांना कोणी ओळखत नसेल. बायबल न उघडणारी माणसे तुम्हाला वाचतील. उधार घेतलेले पैसे तुम्ही वेळेवर परत करता का, आजारी सोबत्याला दवाखान्यात नेता का, चपराशाशी कसे बोलता, मुलींविषयी कसे बोलता, हे ती वाचतील. म्हणून गाव सोडताना पाळकांकडून मंडळीचे सभासदत्वाचे पत्र मागून घ्या, आणि पोहोचल्यावर पहिल्याच रविवारी तेथील मंडळीत ते द्या. एकटे निखारे लवकर विझतात.

आता एक शब्द नापास झालेल्यांसाठी. त्यांच्या घरी या दिवसांत पेढे आले नाहीत, आणि काही मुले उपासनेलाही आली नाहीत. कागदाच्या गिरणीत रद्दीही कामी येते. जुन्या छापील कागदाचा लगदा करतात, त्यातील शाई धुऊन काढतात आणि त्याचाच नवा कागद होतो. माणसाला जे साधते ते देवाला साधणार नाही का? पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले, तरी त्याच्याच हाती प्रभूने आपली मेंढरे सोपवली. मंडळीतील वडीलधाऱ्यांनो, अशा मुलाच्या घरी या आठवड्यात जा. गुण किती आणि पगार किती हे विचारू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा.

पदवी मिळाली असेल तर ती जपून ठेवा. तिच्यासाठी कोणीतरी रात्रपाळ्या केल्या आहेत. पण स्वतःला तिच्यावर तोलू नका. तुमची किंमत ज्याने आपल्या रक्ताने दिली, त्याचे लिहिणे अजून चालू आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या मुलामुलींना काम दे, आणि काम मिळेपर्यंत धीर दे. खोट्या वाटेपासून त्यांना राख. त्यांच्या जीवनावर तुझे अक्षर असे उमटू दे की वाचणाऱ्याला तू दिसावास. आमेन.