काहीच झालं नाही

भातात खडा लागला की सगळी पंगत थांबते. "आज तांदूळ कुणी निवडले?" असा प्रश्न लगेच येतो. पण एरवी वर्षभर कुणी घास गिळून म्हणत नाही, की आज खडा लागला नाही हं. निवडणाऱ्या बाईचं काम फक्त ती चुकते त्या दिवशी दिसतं. तुम्हा-आम्हाला यात नवं काही नाही. मी सांगतेय ते एवढ्यासाठी, की ज्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात माझी एकतीस वर्षं गेली, तिथलंही निम्म्याहून जास्त काम याच प्रकारचं आहे आणि तिथंही असाच न्याय चालतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्रोग्रॅमर म्हणजे रोज काहीतरी नवं लिहिणारा माणूस. लग्नाकार्यात कुणी ना कुणी मला गाठतंच. "पोराला कम्प्युटरला घातलंय, कुठली लँग्वेज शिकू दे?" मी म्हणते, कुठलीही शिकू दे, पण दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायला शिकव. समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांना नाव हवं असतं, कुठल्या नावाला किती पगार ते हवं असतं. पण खरं तेच आहे. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं चालतो. मधे कायदे बदलतात, कर बदलतात, यंत्रं बदलतात, आणि त्या प्रत्येक बदलापायी कुणीतरी त्या जुन्या ओळींत शिरून बघायचं असतं, की कुठं काय हलवलं तर कुठं काय पडेल. याला मेन्टेनन्स म्हणतात. नवी पोरं हा शब्द ऐकूनच नाक मुरडतात.

त्यांना दोष देता येत नाही, कारण मोजमापच तसं आहे. अ‍ॅपल कंपनीतली १९८२ ची एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 'लिसा' नावाचा कम्प्युटर बनत होता. प्रत्येकानं आठवड्याला किती ओळी लिहिल्या, याचा फॉर्म भरून द्यायचा असं व्यवस्थापकांनी ठरवलं. बिल अ‍ॅटकिन्सन नावाचा प्रोग्रॅमर होता. त्यानं त्या आठवड्यात चित्रं काढणारा भाग नव्यानं विचार करून लिहिला होता. तो सहापट वेगानं चालायला लागला आणि वर दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यानं फॉर्मवर आकडा लिहिला: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. ही गोष्ट सांगून सगळे हसतात. मला मात्र दरवेळी वाटतं, की अ‍ॅटकिन्सन मोठा माणूस होता म्हणून खपून गेलं. पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीनं उणे लिहिलं असतं तर?

आता वाय-टू-केचं सांगते. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना तो गलबला आठवत असेल. विमानं पडणार, बँका बुडणार, असं पेपरात येत होतं. मूळ कारण अगदी घरगुती होतं, काटकसर. १९६०-७० च्या काळात कम्प्युटरची साठवण भयंकर महाग. माहिती ज्या कार्डांवर भोकं पाडून भरायची, त्या कार्डात रकाने ऐंशीच. म्हणून साल चार आकड्यांऐवजी दोन आकड्यांत लिहायची पद्धत पडली. १९६५ चं ६५. एकेक आकडा वाचवणाऱ्या त्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. आपला प्रोग्रॅम तीस वर्षं चालेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण तो चालला. आणि मग हिशेब असा व्हायला लागला: १९३५ सालचा जन्म, १९९९ मध्ये वय काढायचं, तर ९९ वजा ३५, चौसष्ट वर्षं. बरोबर. पुढच्या वर्षी ०० वजा ३५. उणे पस्तीस. म्हाताऱ्याची पेन्शन या आकड्यावर ठरणार.

पुण्यात त्या वेळी आम्ही एका परदेशी बँकेचे कोबोलमधले प्रोग्रॅम दुरुस्त करत होतो. कोबोल ही १९५९ मध्ये आखलेली भाषा. पाश्चात्त्य देशांत ती येणारी माणसं कमी पडली आणि ते काम भारतात आलं. आपल्याकडच्या कंपन्या त्या कामावरच वाढल्या. काम म्हणजे काय, तर निवडणं. लाखो ओळींत कुठं कुठं साल आलंय ते हुडकायचं. रकान्याला 'तारीख' असं सरळ नाव असतं तर सोपं होतं, पण लिहिणाऱ्यांनी त्या त्या वेळी जे सुचलं ते नाव दिलेलं. काहींनी ९९ हा आकडा 'कधीच नाही' या अर्थानं वापरलेला. म्हणजे ९९ दिसलं की आधी विचार करायचा, हे खरं साल की खूण? शिवाय २००० हे लीप वर्ष. शंभरानं भाग जाणारं साल लीप नसतं, पण चारशेनं भाग गेला तर असतं. पहिला अर्धा नियम ठाऊक असून दुसरा ठाऊक नसलेल्या शहाण्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वेगळेच. काहीच ठाऊक नसलेल्यांचे प्रोग्रॅम मात्र बरोबर चालणार होते! दर चार वर्षांनी लीप, एवढंच धरून चाललेले.

१ जानेवारी २००० उजाडला आणि काहीच झालं नाही. दिवे लागले, नळाला पाणी आलं, बँका उघडल्या. आठवड्याभरात लोक म्हणायला लागले, उगाच घाबरवलं यांनी, पैसे उकळायला काढलेलं सोंग होतं. घरातलेही म्हणाले. दोन वर्षं रात्ररात्र ज्यासाठी बसलो ते 'काहीच न होणं' हाच आमचा माल होता, आणि तो दाखवायला हातात काही नव्हतं.

समोरच्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतंच असं मी म्हणणार नाही. इटली, रशिया अशा देशांनी बराच कमी खर्च केला, तरी तिथंही आकाश कोसळलं नाही. त्या निमित्तानं पुष्कळांनी जुनी यंत्रं काढून नवी घेतली आणि खर्च वाय-टू-केच्या नावावर मांडला. तांदूळ तरी किती वेळा निवडायचे? एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा निवडायला बसलेल्या बाईला घरातल्यांनी टोकलं तर त्यात चूक नाही.

पण जिथं खडा राहिला तिथलं ऐका. इंग्लंडमध्ये शेफील्ड इथं गरोदर बायकांच्या तपासणीचं काम एक कम्प्युटर करत होता. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, हे सांगताना आईचं वय धरावं लागतं. २००० साल लागल्यावर त्या कम्प्युटरनं वयं चुकीची काढली. २४ मे पर्यंत ते सापडलं नाही. तोवर १५४ जणींना चुकीचे निष्कर्ष गेले होते. धोका नाही असं सांगितलेल्या चौघींना डाऊन सिंड्रोमची बाळं झाली. त्याच चुकीच्या आकड्यांपायी दोघींचे गर्भपात झाले. पेपरातल्या मोठ्या मथळ्यांत विमानं होती. नुकसान झालं ते अशा बायकांचं, ज्यांना आपलं वय कुठल्या रकान्यात लिहिलंय हेही ठाऊक नव्हतं.

मला छळणारा प्रश्न इथून सुरू होतो. दिसत नसलेलं काम करणाऱ्या माणसानं काय करावं? आमच्या धंद्यात एक जमात आहे, आग विझवणाऱ्यांची. रात्री दोनला काहीतरी बंद पडतं, हे लोक पहाटेपर्यंत जागून चालू करतात, सकाळी साहेबांचं कौतुकाचं पत्र येतं. आग लागली ती त्यांनीच घाईत केलेल्या कामामुळं, हे कुणी विचारत नाही. शेजारच्या खुर्चीवरची जिची बाजू वर्षभरात एकदाही बंद पडली नाही, तिचं नावही त्या पत्रात नसतं.

माझी भाची पुण्यात अशाच खुर्चीवर आहे. पगार आणि विमा यांच्या एका जुन्या प्रणालीची देखभाल करते. दोन वर्षं बढती नाही. साहेब म्हणाले, काम चांगलं आहे पण व्हिजिबिलिटी नाही. तिच्या शेजारच्या मुलानं तिला उपाय सांगितला: एकदा पडू दे. बॅकअपची वेळ चुकवायची, आधी दिलेला इशारा मागं घ्यायचा, आणि पडलं की धावून जायचं. तिनं मला फोन केला. "मावशी, खोटं काहीच करायचं नाहीये गं. फक्त जे रोज न सांगता करते ते एक दिवस करायचं नाही. यात पाप काय, सांग की."

प्रश्न सोपा नाही. न करणं हे करण्याइतकंच धरायचं का? कंपनीनं तिला त्या इशाऱ्याचे पैसे वेगळे दिलेले नाहीत. तिच्या कामाच्या यादीत ती ओळच नाही. संप करणारा कामगारही काम थांबवूनच आपली किंमत दाखवतो, आणि संपाला मी वाईट म्हणत नाही. पण संप करणारा आधी सांगतो. ज्याला त्रास होणार त्याला कळतं, की हा त्रास कुणी आणि का दिला. इथं पडणार ती गोष्ट कुणाला लागणार? साहेबाला नाही. कुठल्यातरी आजारी माणसाचा विम्याचा दावा त्या दिवशी अडकणार, आणि त्याला कळणारही नाही की कुणाच्या बढतीसाठी आपण दवाखान्याच्या काउंटरवर उभे आहोत. मी तिला हेच बोलले. म्हटलं, थांबायचं तर सांगून थांब. ज्या गोष्टी यादीत नाहीत त्या लेखी दे, आणि लिही की या तारखेपासून या माझ्याकडे नाहीत, कुणाकडे आहेत ते ठरवा. तारीख अशी दे की त्यांना माणूस नेमायला वेळ मिळेल.

ती म्हणाली, "हे तुला बोलायला सोपं. तुझ्या वेळी घराचा हप्ता नव्हता."

तेही खरंच आहे. मी शेवटपर्यंत कोडच लिहीत राहिले, मॅनेजर झाले नाही, याचं कौतुक करणारे भेटतात. पण आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं होतं आणि यजमानांची नोकरी पक्की होती. चाळिशीनंतर "अजून कोडिंगच करता?" या प्रश्नाला हसून उत्तर देणं ज्याला परवडतं, त्यानं इतरांना तत्त्व सांगताना आवाज जरा खाली ठेवावा.

म्हणून मला ते दुसरं टोकही पटत नाही. न दिसणारं काम म्हणजे सेवा, फळाची आशा धरू नये, असं काही जण म्हणतात. हे असं म्हणणारा बहुतेक वेळा जेवायला बसलेला असतो, निवडायला नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल नावाचं सॉफ्टवेअर घ्या. बँका, दुकानं, सरकारं, जगातल्या कितीतरी वेबसाइट त्यावर चालत होत्या, फुकट. एप्रिल २०१४ मध्ये त्यात मोठं छिद्र सापडलं, हार्टब्लीड म्हणून ते गाजलं. मग लोकांनी चौकशी केली, हे सांभाळतं कोण? तर पूर्ण वेळ काम करणारा एक माणूस, बाकी थोडेसे स्वयंसेवक, आणि वर्षाला येणाऱ्या देणग्या साधारण दोन हजार डॉलर. छिद्र पडल्यावर मोठमोठ्या कंपन्या पैसे घेऊन पुढं आल्या. त्या आधी त्यांच्यातल्या एकीनंही विचारलं नव्हतं. करणाऱ्यानं मुकाट्यानं केलं म्हणून खाणाऱ्याचं विचारण्याचं कर्तव्य कसं संपतं? माझ्या मते दोष तिकडेच जातो. जो रोज जेवतो, त्यानं महिन्यातून एकदा तरी सैपाकघरात डोकावून विचारावं, की तांदूळ कोण निवडतं आणि तिचे डोळे कसे आहेत.

साहेब लोकांना हे करता येत नाही असं नाही. आमच्याकडे एक बाई प्रमुख होत्या. दर तिमाहीला त्या प्रत्येकीला विचारायच्या: या तीन महिन्यांत काय घडलं नाही, आणि ते तुझ्यामुळं कसं? पहिल्यांदा सगळे गप्प बसले. मग हळूहळू वह्या निघाल्या. एवढी तारीख आधीच बघितली, एवढी जागा भरत आली होती ती रिकामी केली. एक मुलगी दोन वर्षं एकटीच एक जुनाट सर्टिफिकेट दर नव्वद दिवसांनी आठवणीनं बदलत होती. तिच्या लग्नाच्या रजेतही तिनं बदललं होतं. बाईंनी ते त्याच आठवड्यात दुसऱ्या दोघांना शिकवायला लावलं आणि तिच्या पगारपत्रकात ते काम लिहिलं.

आता तर यंत्रच कोड लिहून देतं. दिवसाकाठी माणूस लिहायचा त्याच्या कितीतरी पट ओळी तासाभरात पडतात. तांदळाची पोतीच्या पोती येऊन पडताहेत असं समजा. निवडणारे हात कमी करायचे बेत मात्र त्याच वेळी चाललेत, याचं मला नवल वाटतं.

आणि पुढची तारीख ठरलेलीच आहे. पुष्कळ कम्प्युटर वेळ मोजतात ते १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या यंत्रांत त्या आकड्याला जेवढी जागा दिलीय, त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. तो आकडा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला न सुधारलेलं यंत्र १९०१ सालात जाऊन पोचेल. नव्या यंत्रांत जागा मोठी केलेली आहे. कारखान्यांत, जुन्या हिशेबांत, भिंतीतल्या पेट्यांत जे बसलंय ते कुणीतरी एकेक करून बघायला हवं. भाचीनं तिच्या लेखी यादीत हेही एक काम घातलंय, त्यापुढं स्वतःचं नाव आणि लागणारे तास. साहेबांनी अजून सही केलेली नाही. गेल्या आठवड्यापर्यंत तिला अशा ४१ जागा सापडल्या होत्या.