प्रार्थनाही आणि अंजिरांची ढेपही

शास्त्रपाठ : 2 राजे 20:1-7



हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली. देवाने ती ऐकली व त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढविले. पण पुढच्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. यशयाने अंजिरांची ढेप आणवून राजाच्या गळवावर बांधविली. बरे करणारा परमेश्वर. लेप लावणारे हात मात्र माणसांचे!

आता आपल्या सुरतेकडे पाहा. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील कितीतरी मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबतात. रात्रपाळीत झोप मोडते, जागे राहण्यासाठी तंबाखू तोंडात जाते. सकाळी फरसाण, चंदनी पडव्याला तुपाने माखलेली घारी. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल करिंथकरांस सांगतो. मग या मंदिराची झाडलोट कोणी करावी? तंबाखू व विडी सोडणे, मीठ-तूप बेताने खाणे, आठवड्यातून 5 दिवस अर्धा तास झपाझप चालणे, रक्तदाब व साखर वेळच्या वेळी तपासून घेणे, ही ती झाडलोट होय.

समजा, उपासना चालू आहे आणि एका बंधूच्या छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण आले. कळ डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाते. दरदरून घाम, धाप, मळमळ. (स्त्रियांना व मधुमेह्यांना कधी छातीत फारसे न दुखता नुसती धाप व थकवा येतो.) तो म्हणतो, "गॅस असेल, आशीर्वाद होऊ द्या." बंधूंनो, ही सहनशीलता नव्हे. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली म्हणजे तेथील स्नायू मरू लागतो. मिनिटामिनिटाला मोल आहे. त्याला बसवा, चालवू नका, स्कूटरवर नेऊ नका. लगेच 108 ला फोन करा. गुजरातेत ही सेवा 2007 पासून आहे. उपासना थांबली तरी चालेल. प्रभूने वाळलेल्या हाताच्या मनुष्याला शब्बाथ दिवशी, भर सभास्थानातच बरे केले ना?

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनो, मुलांकडून वचने पाठ करून घेता, तसा हा आकडा व ही लक्षणेही पाठ करून घ्या. एखाद्या घरी मोठे माणूस संकोचून गप्प बसेल, तेव्हा लेकरूच फोन करील.

प्रार्थना : हे प्रभो, तू दिलेल्या देहाची निगा राखण्यास आम्हांस शहाणपण दे, आणि मदत मागण्याची लाज आमच्यातून काढून टाक. आमेन.